घोड्याची खोली परवान्यात लिहा: पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीवर गेली काही वर्षे भरपूर वाद झाला. 2024 मध्ये निर्णय झाला: 120 एकर उद्यानाला, 91 एकर शर्यतीला. या सगळ्या हिशेबात तिथे राहणारा घोडा मात्र कुणाच्या तोंडी आला नाही.

मी शर्यती बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. फेब्रुवारीतली डर्बी मी आजही चुकवत नाही. पण 2400 मीटरची ती धाव अडीच मिनिटांत संपते. सकाळचा सराव आणि फिरवणे धरले तरी शर्यतीच्या घोड्याचे दिवसाचे बावीस-तेवीस तास एका खोलीत जातात. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई; घाट ओलांडून गाव बदलते, खोली तशीच.

मोकळा घोडा दिवसाचे सोळा-एक तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते आणि त्यावर उतारा असलेली लाळ फक्त चावतानाच सुटते. पागेत त्याला ठरल्या वेळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक मिळतो, वैरण बेताची. मग रिकाम्या पोटी दौड. पोट आवळले जाते, आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळते आणि व्रण पडतात. सरावातल्या घोड्यांत हे इतके सर्रास आढळते की व्रण नसलेला घोडाच शोधावा लागेल. उपाय महाग नाही. दौडीआधी थोडी लसूणघास दिली तरी फरक पडतो, कारण तिच्यातले कॅल्शियम आम्ल मारते.

दुसरे दुखणे एकटेपणाचे. कळपात वाढलेले शिंगरू दोन वर्षांचे होते न होते तोच भिंतीआड जाते. मग कुणी दाराची कड दातात धरून हवा ओढतो, कुणी दारात उभा राहून तासन्‌तास डावी-उजवीकडे झुलतो. याला ‘खोड’ म्हणतात आणि गळ्याला पट्टा आवळतात. खोड दिसेनाशी होते, त्रास आतच राहतो! घोड्याची देखभाल करणाऱ्या सईसाला हे सगळ्यांत आधी कळते, पण त्याला विचारतो कोण?

लाखोंचा घोडा मोकळा सोडला तर लाथाळीत पाय मोडून घेईल, ही ट्रेनरांची भीती खोटी नाही. म्हणूनच शेजारी-शेजारी, एकेका घोड्यापुरती कुंपणे हवीत: दिसेल, हुंगता येईल, लाथ लागणार नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हालचालीला पुरेशी जागा न देता जनावर कोंडणे हा गुन्हा आहे. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे शर्यतीच्या घोड्यासाठी ठरवणार कोण? आपल्याकडे साधन आहे. 1912 च्या कायद्याने रेसकोर्सचा परवाना राज्य सरकारच देते. त्या परवान्याच्या अटींत रोजचा मोकळा वेळ, दिवसभर पुरेल इतकी वैरण, खोल्यांमधल्या भिंतीला शेजारी दिसेल अशी जाळी, आणि पोटशूळ, व्रण व खोडी यांची नोंदवही घालावी. नोंदवही तपासणारा डॉक्टर मात्र मालकाच्या पगारावरचा नको.

महालक्ष्मीच्या 91 एकरांत तबेले नव्याने बांधायचे झाले तर नकाशे मंजूर होण्याआधी आपल्या खात्याचा अभिप्राय घ्यावा. भिंती उभ्या राहिल्यावर जाळी बसवायला कुणी पैसे देत नाही.

आपला नम्र,
पुण्यातला एक शर्यतप्रेमी