आधारची झेरॉक्स कुठंकुठं द्यायची?

संपादक साहेब,
सध्या कोल्हापुरात कुठंबी जावा, आधी आधारची झेरॉक्स मागत्यात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे लॉजवर उतरले की काउंटरवरचा पोरगा कार्डाचा फोटो काढून थेट व्हॉट्सअपवर टाकतो, पुढं तो कुणाकडं जातो कोण बघतंय? २०१७ ला सुप्रीम कोर्टानं प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, २०१८ ला खाजगी कंपन्यांची आधारसक्ती काढली, तरी इथं काय फरक नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतोय ओ, अंगठा कुठनं बदलायचा? शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, बायोमेट्रिक लॉकपण करता येतं, पण रेशन दुकानात अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगणार कोण? महापालिकेनं वॉर्डावॉर्डात कॅम्प घ्यावेत आणि लॉजवाल्यांना मास्क्ड कार्डच घ्यायला लावावं.
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर