आईच्या खांद्याचं काय करायचं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा फोन स्पीकरवर टाकतात, मग तुम्ही दोघं एकमेकांशीच वाद घालता आणि मी इकडे पुण्यात नुसती ऐकत बसते. म्हणून पत्र. बाबांनी मोठ्यानं वाचायचं, आईनं मध्ये बोलायचं नाही.

विषय आईच्या क्लासचा, म्हणजे खांदा आखडलेल्यांना गटात व्यायाम देणाऱ्या त्या फिजिओथेरपीच्या क्लासचा. परवा बाबा म्हणाले, "आपल्याला परवडतंय ना, मग सामुदायिक मुंजीत बसवल्यासारखं हिला त्या घोळक्यात कशाला बसवायचं? घरी माणूस येईल, तासभर फक्त हिच्याकडे बघेल." आणि मागून आईचा आवाज, "मला नाही जमायचं चार बायकांसमोर." चौदा वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे खांदे हलवतेय, पण पिकतं तिथं विकत नाही हेच खरं.

आधी माझी चूक कबूल करते. आषाढात आई पहिल्यांदा म्हणाली की खांदा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बाहेर दोन पेशंट थांबले होते. मी म्हटलं, "शेक घे, जड उचलू नकोस, होईल बरं." परक्या पेशंटला हात लावून बघितल्याशिवाय मी असं कधी सांगत नाही. घरच्या माणसाला सांगितलं.

मग नवरात्रात आले तेव्हा दिसलं. सोसायटीच्या गरब्यात आई खुर्चीवर बसून टाळ्या देत होती, त्याही पोटाशी धरून. पायाला काही झालेलं नसताना बडोद्यात राहणारी बाई गरब्याला बसून राहते म्हणजे काय, ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर बाबा तिची वेणी घालत होते. रबरबँड दातात, कंगवा शर्टाच्या खिशात, आणि केसांचे दोनच पेड करून मांजा गुंडाळावा तसा पीळ चाललेला. तुम्हाला वाटलं मी चहा घ्यायला आत गेले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

त्या दुपारी मी खांदा तपासला. तेव्हा काय बघितलं ते आज सांगते, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. आईनं स्वतः हात उचलला तर तो खांद्याच्या उंचीपाशी थांबला. मी धरून उचलला तरी तिथंच थांबला. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर फिरवायला सांगितलं, तर कडी लावलेल्या दारासारखा अडला. नुसते स्नायू किंवा त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या दुखत असत्या तर माझ्या हातानं तो बराच पुढे गेला असता. इथे सांध्याभोवतीची पिशवीच जाड होऊन आखडली आहे. या पिशवीला काखेच्या बाजूनं एक सैल घडी असते, हात वर जाताना ती उलगडते. ब्लाउजच्या काखेत कापड कमी पडलं की हात वर करताना कसं ओढलं जातं, तसं आत झालंय. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. चाळिशी ते साठीच्या आसपास होतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर त्याहून जास्त. आईची अकरा वर्षांची शुगर आहे. बरा होतो, पण दिवसांच्या हिशोबानं नाही, महिन्यांच्या, कधीकधी वर्षांच्या हिशोबानं.

आता "फक्त हिच्याकडे बघणारा माणूस" याबद्दल. दसऱ्यानंतर तुम्ही ज्या दवाखान्यात गेलात तिथे हेच होतं ना? वेगळी खोली, एसी, एकास एक. आणि त्या मुलानं तिसऱ्या दिवशी हात धरून असा ओढला की आई त्या रात्री बसून राहिली, आणि परत गेली नाही. दुखण्याचा जोर असतो त्या टप्प्यात ओढाताण करायची नसते. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००४ साली छापून आला. एका गटाला जोरात ताण देणारी फिजिओथेरपी, दुसऱ्याला दुखेल तिथे थांबून जमेल तेवढं हलवायला सांगितलेलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत होता, पहिल्या गटात ६३ टक्के. म्हणजे एकट्यानं मिळालेली ट्रीटमेंट चांगलीच असते असं नाही. लक्ष कसलं दिलं जातंय, ते बघायचं.

क्लासचं म्हणाल तर बाबा, याचीही तुलना झालेली आहे. इंग्लंडमध्ये ७५ रुग्ण घेतले, सगळे फ्रोझन शोल्डरवाले. काहींना गटात व्यायाम, काहींना एकेकट्यानं फिजिओ, काहींना फक्त घरी करायला दिलेले व्यायाम. वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. २०१४ साली छापून आलं. गटातले सगळ्यांत लवकर सुधारले, त्यांच्यामागे एकेकटे, आणि नुसतं घरी करणारे सगळ्यांत मागे. अभ्यास लहान आहे, त्यावर मी पैज लावणार नाही. पण "गटात म्हणजे स्वस्तातलं, म्हणून कमी दर्जाचं" हे त्यातून अजिबात निघत नाही.

शेजारच्या काकांनी "भूल देऊन खांदा सोडवून घ्या" म्हटलंय, तेही ऐकलं मी. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर हे बघून झालंय, २०२० मध्ये निकाल आले. भूल देऊन सोडवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन लगेच सुरू केलेली फिजिओथेरपी, वर्षभरानं बघितलं तर तिन्हींच्या गुणात एकमेकांपेक्षा फार फरक नव्हता. ऑपरेशनचा विषय सध्या बंद. इंजेक्शनचं डॉक्टरांशी बोलू, पण त्यानं काही दिवस शुगर वाढते, तेव्हा मला विचारल्याशिवाय नको.

आणि बाबा, तुमच्याकडून ही तक्रार यावी याचं मला जास्त नवल वाटलं. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी जाणारे तुम्ही! प्रो. माणिकरावांनी संघ व्यायाम उभा केला, शेकडो मुलं देशी आज्ञांवर एका वेळी हात वर करायची, आणि त्याच माणिकरावांचं हाडवैद्य म्हणूनही नाव होतं, हे तुम्हीच मला सूरसागरच्या काठावर सेव उसळ खाताना सांगितलंय. एकट्यानं चार दंड काढून कंटाळणारा मुलगा रांगेत उभा राहिला की वीस काढतो, हेही तुमचंच वाक्य. आईला दंड काढायचे नाहीत. पण रांग तीच आहे.

दिवाळीत मी तो क्लास तासभर बसून पाहिला, तुम्हाला न सांगता. घोळका नाही, सात जण आहेत. (वीस असते तर मीच नको म्हटलं असतं. पुण्यात एका हॉलमध्ये तीस माणसांना एकच हातवारे करायला लावताना मी पाहिलंय, त्याला उपचार म्हणत नाहीत.) प्रत्येकाला आधी एकट्यानं तपासून कागद करतात, मगच आत घेतात. कप्पीला दोरी आहे, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी आहे, हातात धरायच्या काठ्या आहेत. त्या मॅडम फिरून फिरून एकेकाची कोपरं धरत होत्या. एक बेन शिडीवर बोटं चढवत होत्या, शेजारची विचारते, "आजे क्यां सुधी?", आज कुठपर्यंत? त्या म्हणाल्या, "बारमी." सगळे हसले, कारण गेल्या वेळी अकरावी पायरी होती. अशी एक पायरी वाढल्याचं कौतुक घरी येणारा माणूस कितीही चांगला असला तरी करू शकत नाही. त्याला त्या पायरीचं दुखणं माहीत नसतं.

आणि आई, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकटा माणूस समोर आला की तू "बरंय आता" म्हणतेस, त्याला वाईट वाटू नये म्हणून. दिलेले व्यायाम कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये उरकतेस. क्लासला नाही गेलीस तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी "बेन, काले केम नहोता आव्या?", काल का आला नाहीत, असं विचारेल, आणि तू नक्की जाशील. लाजायचं म्हणशील तर तिथे कुणाचाच हात वर जात नाही. हात वर जाणारे सगळे बाहेर आहेत.

म्हणून असं ठरवलंय. सोमवारी पहिली तपासणी एकटीची, बाबांनी सोबत जावं. गुरुवारपासून क्लास. जाण्याआधी काहीतरी खाऊन जा, शुगर उतरायला नको, पर्समध्ये चिक्की ठेव. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि थोड्या वेळानं थांबलं तर चालेल. रात्रीची झोप पुन्हा उडायला लागली तर तो व्यायाम कमी करायचा आणि मॅडमना सांगायचं, "बरंय" म्हणायचं नाही. घरी स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारच्या भिंतीवर बोटं चढव आणि कुठपर्यंत गेली तिथे बाबांनी पेन्सिलीनं खूण करायची. नवरात्रात मी बघितलं तेव्हा ती पानाच्या खालच्या कडेपाशी अडकत होती. उत्तरायणला येईन तेव्हा कुठल्या वारापर्यंत गेली ते बघते.

उत्तरायणला आईनं गच्चीत यायचंच. पतंग नको, फिरकी धर. ती कोपर कुशीला लावून धरता येते, मी करून पाहिलंय.

आणि बाबा, वेणीला पेड तीन असतात.

तुमची,
मनू