परमुलखातली एकोणिशीची मुलगी

संपादक महोदय,

मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनविषयी, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेविषयी, लिहिताना हॅरिएट न्यूएलचे नाव सहसा येत नाही, कारण ती मुंबईला पोहोचलीच नाही. फेब्रुवारी १८१२ मध्ये मिशनरी पती सॅम्युएलसोबत तिने अमेरिकेचा किनारा सोडला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीने राहू दिले नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच बाळ जन्मले आणि दगावले. पाठोपाठ ३० नोव्हेंबरला क्षयाने तीही गेली. ख्रिस्तासाठी मायदेश सोडल्याचा पश्चात्ताप नाही, असा निरोप तिने घरी धाडायला सांगितला होता. धर्मांतराबद्दल माझे मत वेगळे आहे. तरी ही निष्ठा वाचून गलबलून येते. सॅम्युएल पुढे एकटाच मुंबईत आला आणि १८२१ मध्ये पटकीने इथेच वारला.

– एक वाचक, मुंबई