वाचनालयातल्या मामांचे आणि त्या दोन पोरींचे आभार

रविवारी आमच्या वाचनालयात जुन्या कोल्हापूरच्या फोटोंचा कार्यक्रम होता, ज्याच्या घरात जे असेल ते घेऊन या म्हणालेले. मी आजोबांचा खासबागेतल्या कुस्त्यांच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन निघाले आणि गंगावेशीत असला पाऊस लागला की रिक्षाचा पडदा असून नसल्यासारखा. पोचेपर्यंत पिशवीत पाणी, फोटो एकमेकांना चिकटलेले, मी रडायच्या बेतात.

एक ओढून काढणार तेवढ्यात तिथले शिपाईमामा ओरडलेच, "ओढू नका ताई, रंग निघून येतोय!" त्यांनी स्वच्छ घमेल्यात गार पाणी आणलं, गठ्ठा त्यात सोडला आणि थोड्या वेळानं फोटो आपसूक सुटायला लागले. २०१९ च्या पुरात घरचे फोटो असेच वाचवलेवते म्हणाले. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या दोन पोरी पुस्तकं मिटून आल्या, एकेक फोटो कडेला धरून कोऱ्या कागदावर चित्र वर करून पसरला, पंखा बारीक ठेवला. वर मला चहा पण पाजला, तोही स्वतःच्या पैशानं!

दोन-तीन गेले, बाकी सगळे वाचले. १९१२ ला शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, गच्च भरलेलं, आणि मधे लंगोट लावलेले पैलवान, एकदम स्पष्ट दिसतंय.

गडबडीत नावं विचारायची राहिलीच बघा. मामा, पोरींनो, लई उपकार झाले. फोटो आता वाचनालयातच लावलेत, पैलवान कोण ते कुणी जाणत्यानं ओळखलं तर तिथल्या वहीत लिहून ठेवा की.