मा. वनमंत्री महोदय, नांदूरमध्यमेश्वरची उन्हाळ्यातली अंडीही मोजा

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पाणथळीवर हिवाळ्यात पक्षी मोजले जातात, रोहित (फ्लेमिंगो) उतरले की बातमी होते. 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून या पाणथळीचं नाव जाहीर झालं, तेव्हापासून कौतुकही वाढलं. चांगलंच आहे. पण ही मोजदाद बहुतेक पाहुण्यांची. इथेच बारमाही राहणाऱ्या नदी सुरय या पक्ष्याची वीण मार्च ते मे या काळात असते, आणि तेव्हा भर उन्हात दुर्बीण घेऊन फारसं कोणी फिरकत नाही. हा पक्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे.

सुरय हे समुद्रपक्ष्यांचं घराणं. वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर त्याचे भाऊबंद वीण करतात. हा नदीकाठी राहिला, एवढंच. पण खाण्यापिण्याची रीत तीच. अंडी घालायच्या आधीचे दिवस नर चोचीत मासा आडवा धरून येतो आणि मादीच्या चोचीत देतो. बघणाऱ्याला ही लाडीगोडी वाटते, प्रत्यक्षात तो शिधा असतो. परदेशातल्या 'सामान्य सुरय' (कॉमन टर्न) या जातीच्या अभ्यासात नराने जास्त भरवलं तिथे अंडी मोठी आढळली. त्या जातीची मादी जेमतेम सव्वाशे ग्रॅमची, आणि तिची तीन अंडी मिळून साठेक ग्रॅम भरतात! म्हणजे जवळपास निम्मं वजन थोड्याच दिवसांत मासळीतून उभं करायचं. कवचाचा चुनासुद्धा खाण्यातूनच यायचा.

आता आपल्या गोदावरीकडे पाहू. सुरय वरून मासा हेरून पाण्यात सूर मारतो. सायखेडा-चांदोरीकडे पाणवेलींनी (जलपर्णीने) नदी झाकली की खाली मासा असून नसल्यासारखा. पाणवेल पोसते नाशिक शहराच्या सांडपाण्यावर, हे वेगळं सांगायला नको. 2027 च्या सिंहस्थासाठी नदीवर खर्च होतोच आहे. त्यातला थोडा रामकुंडाच्या खालच्या अंगालाही यावा.

पोट भरलं तरी जागा लागते. सुरय घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत किंवा खडकावर उथळ खळगा करून त्यात मातकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालतो. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. पाण्याने वेढलेलं बेट असेल तर कुत्री आणि गुरं लांब राहतात. नेमकी हीच बेटं उन्हाळ्यात वाळूसाठी उपसली जातात, नाहीतर कालव्यांचं आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं की बुडतात. अंडी उबायला तीनेक आठवडे लागतात. मध्येच पाणी चढलं तर सगळी मेहनत पाण्यात.

शेतकऱ्याचं आवर्तन थांबवा असं मी म्हणत नाही. निफाडचा आहे, पाण्याची किंमत कळते. पण आवर्तनाच्या तारखा आधी ठरतात. विणीची बेटं कुठे आहेत हे तुमच्या खात्याने मार्चमध्येच पाहून कळवलं, तर पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, हे तरी तपासता येईल. त्या बेटांना मेअखेरपर्यंत वाळू उपशातून वगळावं.

पाणी जलसंपदेचं, वाळू महसुलाची, पक्षी तुमचा. म्हणून पत्र तुम्हाला. येत्या मार्चच्या आधी तिन्ही खात्यांची एक बैठक नाशिकला लावावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
निफाड तालुक्यातील एक पक्षीनिरीक्षक