पेरीच्या बाजूने

डोंबिवली (पूर्व)
रविवार, रात्री उशिरा

प्रिय गौरे,

एवढं लांबलचक काहीतरी माझ्याकडून आलेलं बघून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी भांडते, आणि मूळ गोष्ट राहून जाते. शिवाय गेले कित्येक महिने तुझ्या मेसेजना मी नुसते अंगठे दाखवलेत, त्याचीही थोडी फेड. पूर्ण वाचून झाल्याशिवाय फोन करायचा नाही.

तब्येती: माझी थायरॉईडची गोळी चालू, बाबांची साखर आटोक्यात, दादाची पाठ आहे तशीच. झालं.

आता हसू नकोस. काल रात्री मी 'वॉर्म बॉडीज', तो झोंबीच्या प्रेमाचा सिनेमा, परत पाहिला. एकटीने, कानात हेडफोन घालून, समीर शेजारी घोरत असताना. निल्याच्या त्या फुटक्या स्क्रीनच्या लॅपटॉपवर आपण पाहिला होता तेव्हा अर्ध्या सिनेमात त्या झोंबीचं, आरचं, तोंडच दिसलं नव्हतं. निकोलस हूल्ट इतका देखणा आहे हे मला काल कळलं, म्हणजे तू तेव्हा कशाच्या जोरावर हुरळली होतीस देव जाणे.

होस्टेलच्या गच्चीवर काय भांडलो होतो! तुझं म्हणणं, शेक्सपिअरनंतर इतकी निर्मळ प्रेमकथा हीच. आर म्हणजे रोमिओ, ज्युली म्हणजे ज्युलिएट, मधे बाल्कनीसुद्धा आहे, हे मला तूच दाखवलंस, तेवढं श्रेय घे. माझं म्हणणं, ही सरळसरळ चोरी आहे. हा बाबा पोरीच्या मित्राला, पेरीला, मारतो, त्याचा मेंदू खातो, त्यातून पेरीच्या आठवणी ह्याच्या डोक्यात उतरतात आणि त्या आठवणींत ज्युलीच ज्युली. उरलेला मेंदू खिशात ठेवून पुरवून पुरवून खातो! वर पेरीचं घड्याळही उचलतो. मग जे काही प्रेम त्याला होतं ते कोणाचं? मी विचारलं तेव्हा तू उशी फेकून मारलीस, आणि नंतर आठवडाभर आपण मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. सगळ्यांना वाटलं शिरीषवरून बिनसलं. आपलं बिनसलं होतं पेरीवरून.

तू जिंकलीस असं तुला वाटत होतं, कारण तुझ्याकडे हुकमाचा पत्ता होता: आरने ज्युलीला पहिल्या घासाआधी पाहिलं होतं. गोळीबार चालू असताना तो तिच्याकडे बघत उभा राहतो, गाणं सुरू होतं, मेंदूबिंदू नंतर. मान्य. काल मुद्दाम मागे नेऊन पाहिलं, तू बरोबर होतीस. पण हा पत्ता ह्या वेळी टाकू नकोस. का ते पुढे येईल.

तर झालं असं. गेल्या रविवारी मी न सांगता बाबांकडे गेले, डबा द्यायला. दार उघडंच. स्वयंपाकघरात बाबा ओट्याशी उभे, आणि खुर्चीवर सी विंगच्या शैलाकाकू. हो, त्याच. बाबा टोमॅटोचं सार करत होते. गौरे, आमचे बाबा! अख्ख्या संसारात त्यांनी गॅस पेटवला तो लायटर चालतोय का हे बघायला. आणि शैलाकाकूंना सांगत होते, "नारळाचं दूध सगळ्यात शेवटी घालायचं, आणि मग उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं. गूळ चिमूटभरच, गोड लागला तर चुकलं." शब्द न् शब्द आईचा. "गोड लागला तर चुकलं" हे म्हणताना ती जशी पळी वर धरायची तशी पळीसुद्धा वर धरलेली.

ते मी पचवलं. दोन वाट्या सार पण पचवलं, चांगलं झालं होतं, मेलं. पण जेवताना त्यांनी पुराची गोष्ट काढली. आईची कुडाळची गोष्ट, घरात पाणी शिरलं, सगळे माळ्यावर चढले आणि आईच्या फ्रॉकच्या ओच्यात कोंबडीचं पिल्लू. तू ती आमच्याकडे गणपतीत दोनदा तरी ऐकली असशील, दुसऱ्या वेळी पिल्लाची दोन पिल्लं झाली होती. बाबा जळगावचे. त्यांनी कुडाळ बघितलं ते लग्नानंतर. पण सांगताना "आई म्हणायची" नाही, "हिच्या लहानपणी" नाही, नुसतं "पाणी असं चढत होतं बघा" करत हात जिन्याच्या पायरीइतका वर. जणू स्वतः माळ्यावर बसून बघितलंय. शैलाकाकू हसून हसून बेजार. आणि मी हातात वाटी धरून, डोक्यात एकच वाक्य: खिशात मेंदू आहे.

हे मी कोणाला सांगणार? समीरला सांगितलं तर तो म्हणेल, "झोपतेस कमी तू." दादाला झोंबी म्हटलं की 'झोंबिवली'च आठवतो. २०२२ साली सव्वीस जानेवारीला आदित्य सरपोतदारांनी तो काढला तेव्हा दादाने सगळ्या नातेवाइकांना फॉरवर्ड केला होता, "आमच्या गावावर सिनेमा निघाला आणि त्यात झोंबी, तरी कोणाला आश्चर्य वाटलं नाही." आठ-बाराच्या फास्टला लोंबकळून बघितलेल्या माणसाला काय आश्चर्य वाटणार म्हणा.

आणि खरं तर बाबा आधी तसेच होते, तुला माहितीये. संध्याकाळी यायचे, पेपर, चहा, एक हुंकार. विमानतळावरच्या बारमध्ये आर आणि त्याचा झोंबी मित्र एम शेजारी बसून एकमेकांकडे बघत नुसते गुरगुरतात आणि आर त्याला जवळजवळ गप्पा समजतो, ते बघताना मला काल आमची गॅलरी आणि दामलेकाका दिसले. आई गेल्यावर तर तो हुंकारही बंद झाला. मी जेवलात का विचारायची, ते मान हलवायचे, हो की नाही ते कळायचं नाही. आणि आता? इस्त्रीचा शर्ट. आईचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणलाय, कुठे मिळाला असा दुरुस्त करणारा ह्या काळात, आणि आशाबाईंच्या कॅसेटी लावून बसतात दोघं. आर त्या बंद विमानात मेलेल्या लोकांच्या वस्तू जमवून रेकॉर्डी वाजवतो ना, तसंच सगळं. तेव्हा तू म्हणाली होतीस, "किती रोमँटिक!" मी म्हणाले होते, "ह्यातलं एकही त्याचं नाही."

(विमानावरून आठवलं. ते मिराबेलला शूट केलंय, तुझ्या माँट्रियलजवळ. २००४ पासून तिथे प्रवासी विमानं बंद, म्हणून त्यांना अख्खं ओसाड विमानतळ मिळालं. तू तिकडे गेलीस तेव्हा पहिली गोष्ट मी काय सांगितली होती? जाऊन फोटो पाठव. तू थंडी, बर्फ, मुलाची सर्दी ही कारणं दिलीस. आता ती टर्मिनलची इमारत पाडूनही झाली. सुटलीस.)

काल परत बघताना मला एक नवीन गोष्ट दिसली, आणि त्यावरून खरं तर झोप उडाली. पेरीला सिनेमाने मुद्दाम कडवट केलाय. वडील गेल्यानंतर तो कोरडा झालेला, हसत नाही, ज्युलीशी धड बोलत नाही, आणि ज्युलीही म्हणून टाकते की तो असा जाणार ह्याची तिला कल्पना होतीच. का? तर आपण त्याच्यासाठी रडू नये म्हणून. मेलेल्याला थोडा वाईट करून ठेवला की जिवंताला खुर्ची मोकळी. दिग्दर्शक जोनाथन लेव्हिनला ह्यात काही वाटलेलं नाही, कारण पेरी झालेला डेव्ह फ्रँको कोपऱ्यात तोंड पाडून बसला की काम भागतं. तो छान बसतोही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये आता हेच चाललंय. परवा लिफ्टमध्ये साठेबाई मला म्हणाल्या, "तुझी आई पण तशी तापटच होती हो." वहिनी, जी ह्या सगळ्यात बाबांच्या बाजूने आहे आणि मला आवडते, ती म्हणाली, "त्या दोघांचं तसं फार कधी जमलं नाही ना?" जमलं नाही! माझी आई तीस-पस्तीस वर्षं एकटी बोलत होती, गौरे. समोरचा बोलला असता तर जमलं असतं की.

आणि ह्याच्या पुढे मी जाते आणि अडकते. कारण बाबांना ती पुराची गोष्ट आठवते, म्हणजे ते ऐकत होते. पेपरमागे बसून ऐकत होते. साराचा गूळ, पळी, सगळं बघत होते. मेंदू खाऊन आलेलं नाहीये ते, कानाने आणि डोळ्याने साठवलेलं आहे. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलटंच झालं. ऐकत होते तर तिला एकदा तरी कळू का दिलं नाही? ती शेवटी हॉस्पिटलात पण त्यांना म्हणाली होती, "तुम्हाला कंटाळा येत असेल माझ्या बडबडीचा." आणि ते खिडकीकडे बघत राहिले.

बघ, दादाचं दुःख किती सोपं आहे. त्याने पहिल्याच फोनवर "लोक काय म्हणतील" पाच मिनिटं केलं आणि सहाव्या मिनिटाला फ्लॅटच्या नॉमिनेशनवर आला. ज्युलीचा बाप, जॉन माल्कोविच, बंदूक घेऊन भिंतीवर, तसा. त्याच्याशी लढता येतं. बाबांनी मलाच सांगितलंय लढायला. लग्नबिग्न नाही म्हणाले, "एकत्र राहायचं म्हणतोय, तू दादाशी बोल, तुझं तो ऐकतो." इतकं मोठं वाक्य ते माझ्याशी कधी बोलले होते मला आठवत नाही. कान लाल झाले होते त्यांचे. आरला गोळी लागल्यावर रक्त येतं आणि तेव्हा कळतं की हा जिवंत आहे, तसा मला तो लाल कान दिसत होता आणि मला आनंद होत होता, खरंच होत होता, आणि त्याच वेळी मला त्यांच्या हातातली आईची पळी काढून घ्यावीशी वाटत होती.

मी हो म्हणाले. दादाशी बोलते म्हणाले. शैलाकाकूंचं काही चुकत नाही, बाई चांगली आहे, आई आजारी असताना हिनेच पेज आणून दिली होती. आणि आता कळलं ना तो हुकमाचा पत्ता का नको? शैलाकाकू सी विंगला १९९८ पासून राहतात. भिशी एकच होती आई आणि त्यांची. "त्याने तिला पहिल्या घासाआधी पाहिलं होतं" हे वाक्य तू उच्चारलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

मला तुझा दुसरा मुद्दा हवाय. तू गच्चीवर शेवटी म्हणाली होतीस, रेक्टरबाई दार वाजवत होत्या तेव्हा, काहीतरी स्विमिंग पूलवरून. उंचावरून उडी मारताना आर ज्युलीला मिठीत घेतो आणि पाठ स्वतःची खाली करतो. तू म्हणालीस, पेरीच्या आठवणीत ज्युली कशी दिसते ते असेल, पण पाठ कोणाची खाली करायची हे कोणाच्या आठवणीत नसतं, ते त्याचं त्याने ठरवलं. असंच काहीसं. मी तेव्हा "हॅ" केलं होतं. अजूनही मला ते पूर्ण पटत नाही. सिनेमाबद्दल माझं मत तेच आहे आणि मरेपर्यंत राहील, तो पेरीवर अन्याय आहे. पण तू ते परत नीट, तुझ्या त्या वकिली आवाजात म्हणून दाखव. ह्या खेपेला मला हरायचंय.

आणि एक, "झोंबीची प्रेमकथा म्हणजे काहीतरी नवीनच" असं तू म्हणायचीस ना, ते चूक. १९३२ सालच्या 'व्हाइट झोंबी'त, बेला लुगोसीवाल्या, प्रेमच आहे. हैतीतला एक मळेवाला दुसऱ्याच्या नवरीवर भाळतो आणि ती मिळावी म्हणून तिलाच झोंबी करवून घेतो. मग तिचे रिकामे डोळे बघून पस्तावतो. तिथे बाई मेलेली आणि पुरुष जिवंत होता, आपल्या वेळेपर्यंत उलटं झालं. ह्याला तू प्रगती म्हणशील. मी काही म्हणत नाही, रात्रीचा दीड वाजलाय.

तुझं काय? नवीन जागेत हललात का? आरवला शाळेत फ्रेंच बोलावं लागतं म्हणालीस, बोलतो का? सासूबाईंच्या व्हिसाचं झालं असेल तर मला कळव, मेथीचे लाडू त्यांच्या हाती पाठवते. तुझा तो मॅनेजर अजून तसाच आहे का, की त्याचाही मेंदू कोणी खाल्ला?

दादा पुढच्या रविवारी येतोय पुण्याहून, वहिनीसकट. त्याच्या आत, शनिवारी, तुझ्या सकाळी म्हणजे माझ्या संध्याकाळी फोन कर. व्हॉइस नोट नको, तू त्यात श्वासच फार घेतेस.

तुझी,
स्वाती

ता. क. तुझ्या आईकडे मेतकूट आणि कुळथाचं पीठ देऊन आले. काकू तुझ्यावर रागावल्यात, का ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्याकडून तुला सांगायला सांगितलं.