बातमी लाट यायच्या आधी द्या की

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती, फ्लूचे पेशंट वाढले, दवाखान्यांत गर्दी वगैरे, आणि अगदी शेवटच्या ओळीत डॉक्टरांचं आवाहन की लोकांनी लस घ्यावी. बातमी बरोबरच आहे हो, माझी तक्रार तिच्या तारखेबद्दल आहे. लस टोचल्यावर अंगात अँटीबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे ती बातमी वाचून एखादा माणूस दुसऱ्याच दिवशी उठून गेला तरी पुढचे दोन आठवडे त्याचं रामभरोसेच. आणि दुसऱ्या दिवशी जातं कोण? रविवारी बघू म्हणतात, रविवारपर्यंत घरात कोणीतरी शिंकायला लागतं, मग बरं वाटलं की जाऊ म्हणतात आणि तोवर थंडी संपलेली असते. तहान लागल्यावर विहीर खणतात ना, तसलाच प्रकार.

दुसऱ्याला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, आमच्याच घरात हेच झालं. आई सत्तरीच्या पुढची, तिला शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं की थंडी पडू दे मग घेऊ, आत्तापासून कशाला. थंडी पडली, ऑफिसातून मीच फ्लू घरी आणला, मी चार दिवसांत उठून बसलो आणि आई नऊ दिवस ॲडमिट होती, त्यातले तीन दिवस ऑक्सिजनवर. लस घेतली असती तर हे झालंच नसतं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण ते दोन आठवडे मी घालवले एवढं मला माहितीये आणि ते डोक्यातून जात नाही.

गंमत अशी की ही लस आपल्यापर्यंत यायची तयारी किती आधीपासून चालू असते. फ्लूच्या व्हायरसवर नजर ठेवणारं जागतिक आरोग्य संघटनेचं जाळं 1952 पासून आहे, देशोदेशीच्या लॅब वर्षभर नमुने तपासतात, मग दर फेब्रुवारीत बसून उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्याच्या लसीत कुठले स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे कुठले प्रकार, घालायचे ते ठरतं आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाचं. इतक्या आधी कारण लस बनवून पोचवायला सहा-एक महिने लागतात, बरीचशी तर अजूनही कोंबडीच्या अंड्यांत व्हायरस वाढवूनच बनते. एवढं सगळं जग सहा महिने आधी कामाला लागतं आणि आपण शेवटच्या पंधरा दिवसांत माती खातो! बरं व्हायरसही एका जागी थांबत नाही, त्याच्या अंगावरची प्रोटीन्स थोडी थोडी बदलत राहतात, शिवाय मागच्या डोसचा जोरही काही महिन्यांत उतरतो, म्हणून दर वर्षी नवा डोस. हे कंपन्यांचं विकायचं नाटक आहे असं आमच्या ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी टाकतंच, त्याला आता उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय.

लहान पोरांचं तर गणित आणखी पुढचं आहे. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला फ्लूची लस देता येते, पण नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर सहसा दोन डोस लागतात, मधे निदान चार आठवडे. चार आणि वर दोन, म्हणजे सहा आठवडे झाले. लाटेची बातमी आल्यावर त्या पोराला पहिली सुई टोचून काय होणार सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर लस चालतच नाही, त्याला वाचवायचा एक चांगला रस्ता म्हणजे आईने गरोदरपणात घेणं, तिच्या अँटीबॉडी बाळात उतरतात. हे किती जणींना वेळेत कळतं?

आता लस घेऊनही फ्लू झाला म्हणणाऱ्यांचं. होऊ शकतो, नाही कोण म्हणतंय. स्ट्रेनचा मेळ चांगला बसला त्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जायची वेळ येण्याइतक्या फ्लूचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करते, शंभर टक्के नाही. पण ज्याला लोक फ्लू म्हणतात त्यात निम्मी-अर्धी साधी सर्दी असावी असं माझं मत, नाक गळलं की फ्लू, आणि याला थोडे जबाबदार आपले पेपरपण आहेत, प्रत्येक शिंकेला हेडलाइनमध्ये फ्लू लिहायची काय गरज. सर्दीचे व्हायरस वेगळे, त्यांच्यावर ही लस चालत नाही. खरा फ्लू ज्याला झालाय त्याला विचारा, अंग असं मोडून येतं की कूस बदलायची हिंमत होत नाही. आणि तो फुप्फुसापुरताही राहत नाही, कॅनडातला एक अभ्यास 2018 मध्ये आला होता, त्यात फ्लू पक्का निघाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट दिसलं. शुगर-बीपीवाल्यांच्या घरात हे वाक्य फ्रिजवर चिकटवायला पाहिजे.

कोविडचं वेगळंच. 5 मे 2023 ला जागतिक आणीबाणी उठली आणि लोकांनी त्याचा अर्थ व्हायरस गेला असा घेतला, तो गेला नाही, इथेच आहे. तेव्हा घेतलेले दोन-तीन डोस सुरुवातीच्या व्हायरसवर बेतलेले होते, नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन आला आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी रूप पार बदललं, म्हणून लसही अधूनमधून अपडेट होते. कोविड फ्लूसारखा थंडीचं कॅलेंडर पाळत नाही, उन्हाळ्यातही डोकं वर काढतो, पण थंडीत दोन्ही एकदम अंगावर यायला नकोत म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्ही लसी एकाच फेरीत देतात. कोणी घ्यावी याचे नियम देशादेशात वेगळे आहेत, तरी म्हातारी माणसं, आधीचे मोठे आजार असलेले, इम्युनिटी कमी असलेले आणि गरोदर बायका यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावंच विचारावं.

आईला मागच्या वर्षी वेळेत नेलं, दोन्ही एकाच दिवशी. सिस्टरनी विचारलं कुठल्या कुशीवर झोपता आजी, आई म्हणाली झोपच येत नाही तर कूस कसली. मग दोन दंडांत दोन द्यायचं ठरलं आणि स्वेटरची बाही कोपराच्या वर जाईना! आधी मी ओढली, मग सिस्टरनी ओढली, मागे रांगेत लोक हसायला लागले, शेवटी स्वेटर काढून शाल गुंडाळून बसवलं. टोचणं दहा सेकंदाचं, बाहीचं प्रकरण पाच मिनिटं. नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, क्वचित कोणाला जोराची ॲलर्जी येते म्हणून, ते बरोबरच आहे. रात्री थोडी कणकण, दुसऱ्या दिवशी दोन्ही हात वर होईनात, वेणी मला घालायला लावली (कशी घातली ते विचारू नका), तिसऱ्या दिवशी ठणठणीत. शेजारचे काका लगेच म्हणाले बघा, लसीनेच फ्लू झाला. अहो फ्लूच्या इंजेक्शनमध्ये जिवंत व्हायरस नसतो, एमआरएनएवाल्या कोविड लसीत तर व्हायरसच नसतो, त्याच्या एका प्रोटीनचा नकाशा तेवढा असतो. नाकात मारायच्या फ्लूच्या स्प्रेमध्ये मात्र जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो, म्हणून तो गरोदर बायकांना आणि इम्युनिटी कमी असलेल्यांना देत नाहीत.

उशीर झाला म्हणून घेऊच नका असं कोणी समजू नये, सीझन काही महिने चालतो, मधे घेतली तरी पुढच्या दिवसांना उपयोग होतोच. पण साहेब, सीझन सुरू व्हायच्या महिना-दीड महिना आधी एक चौकट छापाल का, कोणी घ्यायची, मुलांना किती डोस, दोन आठवड्यांचा हिशोब, एवढंच. आणि त्यासोबत तो नेहमीचा फोटो नको, वितभर सुई आणि रडून लाल झालेलं पोर. खरी सुई इंचभर असते. आईने तो फोटो बघूनच एक वर्ष नकार दिला होता.

तिची या वर्षीची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय, तिने खाली स्वतःच्या अक्षरात जोडलंय, सैल बाहीचा स्वेटर.

आपला,
एक नेहमीचा वाचक